घरचं नाव, शाळेचं नाव

गयामावशी गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. वर मोज्यांच्या रंगाबद्दलची सूचना होती, खाली स्नेहसंमेलनाच्या नाचातल्या मुलांची यादी, आणि मधे इंग्रजीत दोन ओळी. आपल्या शाळेत पूर्वी मदतनीस असलेल्या श्रीमती अमुक यांचं नाशिकला मुलाच्या घरी निधन झालं. तिचं आडनाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. बावीस-तेवीस वर्षांत ते कधी लागलंच नव्हतं. त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक येत गेली. मीही एक टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

सेलूतल्या आमच्या इंग्रजी शाळेत ती नर्सरीच्या वर्गाची मावशी होती. मुलांना बाथरूमला न्यायचं, नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, कोणी ओकलं तर फरशी धुवायची, एवढंच तिचं काम. मी तीन वर्षांची असताना त्या वर्गात गेले तेव्हा ती होती. पुढे शिकून, परभणीला बालवाडीचा कोर्स करून मी त्याच वर्गात टीचर म्हणून आले, तेव्हाही ती होती. शाळेची निळी साडी, पदर कमरेला खोचलेला, अंगाला खोबरेल आणि फिनेल यांचा मिळून एक वास. उंच होती. मुलांशी बोलताना मात्र ती कधी वरून बोलली नाही. उकिडवी बसायची, गुडघे कुरकुरायचे, मग बोलायची.

आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरी कोणीच इंग्रजी बोलत नसे. मोंढ्यात कापसाचा व्यापार करणाऱ्यांची मुलं, शिक्षकांची, तहसीलमधल्या कारकुनांची, आणि आसपासच्या गावांतून गाडीत बसून येणारी. त्यांना पहिल्या दिवशी दारात सोडलं जायचं आणि आत सगळं इंग्रजी. माझ्या वेळच्या जेसी टीचर केरळच्या होत्या, नुकत्याच आलेल्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. वर्गात तीस मुलं रडायची आणि त्या हात हलवत सांगायच्या, डोन्ट क्राय, डोन्ट क्राय. त्यांचेही डोळे भरलेले असायचे.

तेव्हा गयामावशी रडणाऱ्या पोरासमोर उकिडवी बसायची.

"घरी काय म्हणतेत रं तुला?"

हुंदक्यांतून कुठून तरी यायचं, "गोलू."

"अन् हितं काय म्हणतेत?"

पोरगं गप्प. हजेरीत आर्यवीर असं काही असायचं, ते त्याला स्वतःलाच नीट माहीत नसायचं.

"हितं आर्यवीर. म्हंजे तुला नावं दोन. एक घरचं, एक शाळंचं. तुला एकट्यालाच न्हाईत काही. चल, दाखविते."

त्याचं बोट धरून ती नळापाशी न्यायची, तोटीवर त्याचा हात ठेवायची. "घरी नळ, शाळंत टॅप." मग तोटी सोडायची. "घरी पाणी, शाळंत वॉटर." हातावरून पाणी वाहत असताना रडणं थांबायचं. गोलूला शाळेत आर्यवीर म्हटल्याने घरचा गोलू कुठे जात नव्हता, तसं पाण्याचंही काही जात नव्हतं. एवढं त्या वयातल्या पोराला पुरायचं.

तिचे नियम होते, आणि ते तिने कोणाला शिकवले नाहीत. बघून कळायचे. पहिलं नाव घरचंच घ्यायचं. जेसी टीचरनी पुढे कधीतरी विचारलं, आधी इंग्रजी शब्द सांगितला तर काय बिघडेल, तेव्हा ती म्हणाली होती, "घरच्या दारातून निघाल्याबिगर शाळंला येता येतंय का, टीचर?" दुसरं, वस्तूला हात लावल्याशिवाय नाव सांगायचं नाही. चित्रातल्या हत्तीच्या वाटेला ती कधी गेली नाही. आणि तिसरं, एका दिवसात तीनच. "चवथं सांगितलं की पयलं गळून पडतंय," म्हणायची. खरंच मोजायची. एखादं पोरगं उत्साहाने खिडकीकडे ओढायला लागलं तर, "आज तीन झाले. खिडकी उद्या. ती कुठं जायलीय?"

धपाटे, ठेचा, भुरका यांना शाळेचं नाव नव्हतं. कोणी डबा उघडून विचारलं, मावशी, याचं शाळेचं नाव? तर ती इकडेतिकडे बघून हळूच सांगायची, "याला न्हाई. हे शाळंत घालेलंच न्हाई. डब्यात लपून येतंय बिचारं. लवकर खाऊन टाक." ते पोरगं मग घाईघाईने सगळा डबा संपवायचं.

एकदा कोणीतरी तिलाच विचारलं, "मावशी, तुझं शाळेचं नाव काय?"

ती झाडत होती. झाडू थांबला. ती चौथीपर्यंत शिकलेली, तीही तिच्या बोरी गावच्या शाळेत, जिथे गया ती गयाच होती.

"माझं तुमीच ठिवलंय की," ती म्हणाली. "मावशी."

मुलांच्या बरोबर जेसी टीचरही शिकत होत्या. त्यांनी शाळेतली नावं द्यायची, गयामावशीने घरची. चार-पाच वर्षांत त्या असं मराठी बोलायला लागल्या की बाजारात बायका वळून बघायच्या. शनिवारच्या बाजारात त्या एका भाजीवालीला म्हणाल्या, "लय महाग लावायलीस माय, मागच्या शनवारी तर स्वस्त व्हतं." भाजीवालीने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग न मागता भाव कमी केला. शाळेत येऊन हे त्यांनीच सांगितलं. गयामावशी तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. जेसी टीचर पुढे गावी परत गेल्या. दर नाताळला त्यांचा मावशीला फोन यायचा. फोनवर दोघी काय बोलायच्या माहीत नाही, पण आवाज मावशीचाच जास्त यायचा.

तिला सगळ्यांची घरची नावं पाठ होती आणि ती शेवटपर्यंत विसरली नाही. आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा आता डॉक्टर आहे, त्याने सेलूतच दवाखाना टाकला आहे. ती गुडघे दाखवायला गेली. बाहेर पंधरा माणसं बसलेली. आत शिरता शिरताच म्हणाली, "बबड्या, लय तकलीफ व्हायलीय रं गुडघ्याची." कंपाउंडर तिला बाहेर काढायला निघाला तर डॉक्टर खुर्चीतून उठून उभा राहिला. "मावशी, बसा." त्याला दवाखान्यात बबड्या म्हणणारं दुसरं कोणी नाही. मी हे तिच्याच तोंडून ऐकलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तिला सांगायचं होतं ते एवढंच, की बबड्याने गोळ्या चांगल्या दिल्या.

माझं घरचं नाव मनी. शाळेचं समृद्धी.

मी शाळेत बोलत नव्हते. हट्ट नव्हता, रुसवा नव्हता. घरी बोलायचे, रिक्षात बोलायचे, शाळेच्या फाटकातून आत आलं की घशात काहीतरी बंद व्हायचं. जूनपासून संक्रांतीपर्यंत मी त्या वर्गात एक अक्षर बोलले नाही. जेसी टीचर घाबरल्या. आईला बोलावलं, मुलगी मुकी आहे का असं दुसऱ्या टीचरकडून अदबीने विचारून घेतलं. आई घरी येऊन रडली.

गयामावशीने मला बोलायला सांगितलं नाही. ती माझ्या जवळून जाताना डावा हात मागे करायची आणि तळवा उघडा धरायची. "बोलू नको. हातावर दे." एकदा बोट टेकवलं की हो, दोनदा टेकवलं की नाही. पाणी पायजे? एक. बाथरूमला? दोन. कोणी मारलं? एक. बोट टेकवलं की ती मूठ मिटायची. म्हणजे पोचलं, आणि कोणाला कळणार नाही. मूठ मिटून ती पुढे निघून जायची आणि थोड्या वेळाने पाण्याचा पेला यायचा, किंवा मला मारणारा मुलगा दुसऱ्या बाकावर बसलेला असायचा.

नावं ती मलाही सांगायची. मी म्हणायचे नाही, ती माझ्याकडून म्हणवून घ्यायची नाही. "ठिवून दे," म्हणायची. "लागतील तवा काढ."

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात एक दिवस मला बाथरूमला जायचं होतं आणि मावशीच्या कडेवर एक रडणारी मुलगी होती, दुसऱ्या हातात बादली. दोन्ही हात गुंतलेले. ती व्हरांड्यातून चालली होती, मी मागून चालले होते. तळवा नव्हता. मी बराच वेळ नुसती मागे चालले. मग म्हणाले, "मावशी."

ती वळली नाही. थांबलीही नाही. "हं, बोल," म्हणाली, जसं काही मी रोजच बोलत होते.

"टॉयलेट."

"चल."

एवढंच. तिने कोणाला बोलावलं नाही, मला उचललं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. जेसी टीचरना आणखी दोन आठवड्यांनी कळलं. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः मुलं सांभाळायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बादली खाली ठेवता आली असती.

मी टीचर म्हणून पहिल्या दिवशी वर्गात आले तेव्हा ती दारात उभी होती. मुलांसमोर म्हणाली, "गुड मॉर्निंग, टीचर." मुलं मैदानावर गेल्यावर म्हणाली, "मने, जेवलीस का गं? लय वाळलीस." पुढे दोन वर्षं असंच चाललं. मुलांसमोर टीचर, एरवी मने. मी फळ्यापाशी, ती मुलांमधे. मी म्हणायचे, ओपन युअर बुक्स, आणि खोलीत ठिकठिकाणी तिचं हळू आवाजातलं "उघड बाळा, उघड" फिरत जायचं. मला वाटायचं मी शिकवते आहे.

मग शाळेत मुख्याध्यापिका म्हणून नव्या मॅडम आल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मला लिहायला हवं. मोठ्या शहरातून आल्या होत्या आणि गावात दुसरी एक इंग्रजी शाळा निघाली होती, तिच्या पुढे राहायची त्यांना काळजी होती. प्रत्येक वर्गाच्या दारावर पाटी लागली की इथे फक्त इंग्रजी बोललं जाईल. गयामावशीने ती पाटी पुसली, धूळ झाडली, आणि आत येऊन एका पोराला म्हणाली, "घरी दार, शाळंत डोअर." पाटीवर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं की नाही, मला कधी कळलं नाही.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. शाळेत अनन्या, घरी चिऊ. वडील बोरीला शेती करायचे. आई मुलीच्या शाळेसाठी सेलूत स्टेशनजवळ एक खोली घेऊन राहिली होती, एकटी. चिऊ बोलत नव्हती. मी सारखी तिच्याकडे बघत राहायचे. गयामावशी म्हणाली, "तू तिच्याकडं असं बघू नको. घाबरंल ती. मी हाय की." आणि तिचा डावा तळवा पुन्हा पाठीमागे उघडा राहायला लागला.

"या पोरीला बोलती केली की मी मोकळी," असं ती म्हणायची. साठी उलटून गेली होती, गुडघे गेले होते, मुलगा नाशिकहून बोलावत होता. या वर्गातून तिचा पाय निघत नव्हता तो चिऊसाठी.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मी पालकांच्या ग्रुपसाठी मुलांचा व्हिडिओ काढत होते. आठवड्यातून एक टाकायचा असा मॅडमचा नियम होता. फोन फिरत फिरत नळापाशी गेला. चिऊचा हात पाण्याखाली होता. मागून मावशीचा आवाज, "घरी पाणी. शाळंत?"

आणि चिऊ म्हणाली, "वॉटर."

लहानसा आवाज, जरासा घोगरा. मावशीने मान वळवली नाही, "हं," म्हणाली, नळ बंद केला. मी मात्र बादली खाली ठेवली, मला धीर धरता आला नाही. म्हणजे मी तो व्हिडिओ त्याच मिनिटाला, पुन्हा न बघता, ग्रुपवर टाकला. मला फक्त तो शब्द ऐकू आला होता. मला वाटलं सगळ्यांना तेवढाच ऐकू येईल.

सोमवारी चिऊची आई आली. पदर डोक्यावर, हातात छत्री. मला वाटलं आनंदाने आली.

"टीचर, वाईट वाटून घिऊ नका," ती म्हणाली. "पोरगी बोलली, लय बरं वाटलं. पण ती मावशी मराठीत बोलायली की. तसं बोलायला आमी हावच की घरी. आमच्या तोंडातलं तिच्या तोंडात जाऊ न्हाई म्हणून तर हितं आणलंय तिला." आवाजात भांडण नव्हतं. छत्रीची मूठ ती पिळत होती. "तिचा बाप तिकडं एकला भाकरी थापायलाय. कशासाठी मंग?"

आणखी तीन-चार पालक मॅडमकडे गेले होते. त्या दुपारी मला ऑफिसात बोलावलं. गयामावशी बाहेरच्या बाकावर बसलेली होती, मला बघून बाजूला सरकली. आत मॅडमनी इंग्रजीत विचारलं, मावशी मुलांशी रोज मराठीत बोलते का?

मला पुष्कळ सांगायचं होतं. ती घरचं नाव आधी घेते आणि मग शाळेचं, चिऊचा शब्द तिच्यामुळेच आला, या शाळेतून शिकून गेलेल्या सगळ्यांची पहिली इंग्रजी तिच्या तोंडून आली आहे, माझीसुद्धा. मला हे इंग्रजीत सांगता आलं असतं. मराठीतही आलं असतं. मॅडम थांबल्या होत्या, घाईत नव्हत्या.

"येस मॅम," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं. मी बाहेर आले. मावशीकडे न बघता वर्गात गेले.

दुसऱ्या दिवसापासून तिने वर्गात यायचं नाही असं ठरलं. बाहेर व्हरांड्यात स्टूल दिलं. मुलं बाथरूमला निघाली की न्यायची आणि परत आणून सोडायची, दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. तिने ते ऐकून घेतलं. स्टूल दाराच्या अगदी कडेला लावलं, इतकं की तिचा निळा पदर आतून दिसायचा.

त्यानंतर आमच्या वर्गाने एक इंग्रजी वाक्य इतक्या झपाट्याने उचललं की मॅडमही चकित झाल्या. मे आय गो टू टॉयलेट, टीचर? तीस मुलं, दिवसभर. चिऊसुद्धा. अख्खं वाक्य, न अडखळता. कारण ते म्हटलं की दार उघडायचं आणि बाहेर मावशी असायची. एकदा मी दारात जाऊन पाहिलं. चिऊचा हात खांबावर होता. मावशी तिला म्हणत होती, "आज तीन झाले गं चिऊ. आता चवथ्यानं येऊ नको, टीचर वरडंल."

मी वरडले नाही. दार लोटून घेतलं. ते एक मी केलं.

दसऱ्याच्या आधी मॅडम फेरीवर आल्या तेव्हा व्हरांड्यात पाच मुलं भिंतीला, स्टुलाला, झाडूला हात लावत उभी होती. गयामावशीला फाटकावर पाठवलं. तिथे तिला दोन शब्द ठरवून दिले होते. सकाळी गुड मॉर्निंग आणि सुटताना बाय बाय. ती ते म्हणायची. रांगेने मुलं आत जायची, गोलू, पिंकी, दादू, सगळ्यांना तेच, एका आवाजात. चिऊ तिच्याजवळून जाताना थांबायची, मागची मुलं ढकलायची.

चिऊ पुन्हा गप्प झाली. ते एक वाक्यही गेलं. बाथरूमला जायचं असलं तरी म्हणायची नाही. आता मी माझ्या टेबलापाशी उभी असताना डावा तळवा मागे उघडा धरायचे. तिने त्यावर कधी बोट टेकवलं नाही. पुढच्या जूनमध्ये तिच्या आईने तिला त्या दुसऱ्या शाळेत घातलं. तिथल्या मावश्या अजिबात मराठी बोलत नाहीत, असं ती मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. चिऊ तिच्या पदराला धरून उभी होती.

गयामावशी गेल्याचा निरोप वाचल्यावर दोन दिवसांनी मी नाशिकला तिच्या मुलाला फोन केला. ज्ञानेश्वरदादा कंपनीत आहेत, ते आणि वहिनी मुलीशी घरातही इंग्रजीतच बोलतात, तिला सवय व्हावी म्हणून. फोनवर ते शांतपणे बोलत होते. झोपेत गेली, त्रास झाला नाही. तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला, "पप्पा, कोण हाय?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "ऐकलंत? आईनं शिकवलंय हे. वर्षभर बसली होती तिच्याशी. हाय म्हणते, न्हाई म्हणते, लय म्हणते. इथल्या पोरी हसतात तिला." हे सांगताना ते हसत होते.

मी तिला शेवटचं पाहिलं ते ती जाण्याच्या आदल्या वर्षी, संक्रांत झाल्यावर, सेलूच्या स्टेशनावर. तिने शाळा सोडली होती. मुलगा न्यायला आला होता. शाळेतून कोणी आलं नव्हतं, मधल्या सुट्टीत मी एकटी गेले. ज्ञानेश्वरदादा गाडीची चौकशी करायला गेले आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. तिने शाळेची निळी साडी नेसली नव्हती. दुसऱ्या रंगात मला ती ओळखू आली नव्हती, आधी आवाज ओळखला. मांडीवर पिशवी, पिशवीत तिळाचे लाडू, धपाटे.

"नातीला नुसती शाळंचीच नावं हाईत गं मने," ती म्हणाली. "पाण्याला वॉटर. मला ग्रॅनी. घरचं एकबी न्हाई. मला आता उलटं चालावं लागतंय."

"जमेल तुम्हाला," मी म्हणाले.

"जमंल. रोज तीन."

फलाटावर ऊन होतं. पलीकडच्या रुळावर कापसाचे पुंजके वाऱ्याने इकडेतिकडे होत होते. ती त्यांच्याकडे बघत होती.

"चिऊ बोलायलीय का?"

मी मान हलवली. नाही.

"हं."

मग, तसंच रुळांकडे बघत, ती म्हणाली, "मने, एक इचारू का? त्या दिवशी मॅडमनं तुला आत बोलावलं. मी भायेरच व्हते. माझ्याबद्दल इचारलं व्हय?"

मी तोंड उघडलं. पंचवीस वर्षांची मी, दोन भाषा येणारी, आणि घशात तेच बंद झालं.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डावा हात बाकावर, आमच्या दोघींच्या मधे ठेवला. तळवा वर, उघडा.

"बोलू नको. हातावर दे."

मी एकदा बोट टेकवलं.

"अन् मंग तू काही बोललीस? माझ्याकडून?"

गाडीची घोषणा सुरू झाली, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. ती संपेपर्यंत मी थांबले. मग बोट टेकवलं. एकदा. आणि पुन्हा एकदा.

तळवा लगेच मिटला नाही. त्यावरच्या रेघा फिनेलने पांढऱ्या पडल्या होत्या. मग एकेक बोट वळत गेलं.

"बरं," ती म्हणाली.

गाडी आली. ज्ञानेश्वरदादा पिशव्या घेऊन धावत आले, मला थँक्यू म्हणाले, तिला दंडाला धरून वर चढवलं. दांडा धरायला तिने उजवा हात पुढे केला. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. ती आत बसली, पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताने, जा आता, शाळेची घंटा होईल, अशी खूण केली. गाडी हलली. डावा हात तिच्या मांडीवर होता, आणि खिडकी दिसेनाशी होईपर्यंत त्याची मूठ मिटलेली होती.